सेन्सर ‘बायपास’ केला, पण सांगितलं कुणाला?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी असो की मे महिना, गावाला जाण्याआधी घर कसं सांभाळावं याची पोलिसांची सूचनावली आपल्या अंकात हमखास येते. दागिने लॉकरमध्ये ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा, पेपर आणि दूध बंद करा. अलीकडे त्यात भर पडली आहे ती ‘घराला अलार्म बसवा’ या ओळीची. सल्ला योग्यच आहे. पण बसवलेला अलार्म खरोखर चालतो की नाही हे कुणी बघायचं आणि कसं, याबद्दल तिथे एक अक्षर नसतं. गेल्या पावसाळ्यापासून मी याच एका गोष्टीच्या मागे आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी नाशिकरोडला जेलरोड भागात रो-हाऊसमध्ये राहते. नोटप्रेसमधून निवृत्त झाले. जिथे कागदाचा ताव मोजून आत जातो आणि मोजून बाहेर येतो, तिथे नोकरी झाल्यामुळे ‘चालतंय की, बघू पुढे’ हे उत्तर माझ्या पचनी पडत नाही. मुलगी पुण्याला, मुलगा परदेशात, घरात आम्ही दोघंच. मुलांनी लकडा लावला म्हणून वायरलेस अलार्म बसवून घेतला. हॉलमध्ये पॅनेल (सगळ्या सेन्सरांचं ऐकून भोंगा वाजवणारं मुख्य यंत्र), दरवाजांना आणि तळमजल्याच्या खिडक्यांना एकेक सेन्सर, गॅलरीत भोंगा आणि मोबाइलवर ॲप. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ओळखीत चौकशी केली तर बसवणारे वेगळे, तक्रारी मात्र त्याच.

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दरवाजाच्या चौकटीवर काडेपेटीएवढा सेन्सर असतो आणि समोर फळीवर एक लोहचुंबक. सेन्सरच्या आत काचेची बारीक नळी असते, तिच्यात दोन पातळ पात्या. चुंबक जवळ असला की पात्या एकमेकींना चिकटतात, दरवाजा उघडून चुंबक लांब गेला की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेच्या बेल लॅबोरेटरीजमध्ये १९३० च्या दशकात तयार झालेली ही कळ अजून तशीच वापरात आहे, इतकी ती भरवशाची. पात्या सुटल्या की सेन्सर रेडिओवरून पॅनेलला निरोप धाडतो. म्हणजे बिघडायला जागा तीन: चुंबक आणि पात्यांमधलं अंतर, सेल, आणि मधला रेडिओचा प्रवास. आमच्याकडे तिन्ही ठिकाणी गडबड होती, पण दुरुस्तीला येणारा मुलगा प्रत्येक वेळी एकच उपाय करायचा. सेल बदलायचा, रिपोर्टवर सही घ्यायचा आणि जायचा.

सुरुवात गच्चीच्या दरवाजाने झाली. हा दरवाजा लोखंडी पत्र्याचा, चौकटही लोखंडी अँगलची. जुलैत वारा-पाऊस सुरू झाला आणि मध्यरात्री भोंगा बोंबलायला लागला. वर जाऊन बघावं तर कडी लावलेली, दरवाजा बंद. पहिल्या वेळी गल्लीतले चार जण काठ्या घेऊन आले, नंतर खिडकीतून डोकावायला लागले, आणि पुढे पुढे तेही बंद झालं. लांडगा आला रे आला, दुसरं काय! कंपनीला फोन केला, मुलगा आला, म्हणाला, “काकू, आता नाही वाजणार.” आणि खरंच वाजला नाही. मीही नि:श्वास टाकला.

नवरात्राआधी गोधड्या धुऊन गच्चीवर वाळत घालायला निघाले. अलार्म चालू होता, कारण दुपारी आम्ही दोघंच असलो की तो घरातल्या मोडवर ठेवतो. मी गच्चीचा दरवाजा सताड उघडला, गोधड्या टाकल्या, खाली आले. भोंगा गप्प. ॲपमध्ये घटनांची यादी असते, ती मागे सरकवत नेली तर सापडलं: ‘झोन ६ बायपास’. झोन ६ म्हणजे आमच्या गच्चीचा दरवाजा. तारीख त्या मुलाच्या सर्व्हिस रिपोर्टवरची, वेळ तो चहा पिऊन गेला त्याच्या जरा आधीची. इन्स्टॉलरच्या पासवर्डने त्याने तो झोन कायमचा वगळून टाकला होता. भोंगा थांबला तो दरवाजा दुरुस्त झाला म्हणून नव्हे, तर पॅनेलने त्या दरवाजाकडे बघणंच सोडलं होतं म्हणून. अख्खा पावसाळा आमची गच्ची उघड्यावर, वार्षिक देखभालीचे पैसे मात्र भरलेले. रिपोर्टवर काय लिहिलं होतं? ‘सिस्टिम ओके.’ कार्यालयात विचारलं तर उत्तर मिळालं, ग्राहकाची गैरसोय होऊ नये म्हणून तसं करतात.

मला चीड आली ती याची. सेन्सर बिघडतो हे समजू शकते, वस्तू आहे. पण बिघाड झाकून वर ओके लिहिणं ही माझ्या मते सेवा नव्हे, फसवणूक आहे.

सातपूरच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये असलेला माझा भाचा रविवारी येऊन बसला तेव्हा कारण कळलं. चुंबकाजवळ लोखंड असलं की त्याचं बळ त्या लोखंडातूनच फिरून जातं, पात्यांपर्यंत कमी पोचतं. डब्यावर जे अंतर छापलेलं असतं ते सहसा लाकडी चौकटीवर मोजलेलं. लोखंडावर ते बरंच घटतं. आमच्या गच्चीवर चुंबक आणि सेन्सर दोन्ही थेट पत्र्यावर चिकटवलेले. दरवाजा बंद असताना पात्या कशाबशा चिकटलेल्या राहायच्या, वाऱ्याने पत्रा थरथरला की सुटायच्या. पॅनेलच्या दृष्टीने दरवाजा उघडला! शिवाय सेन्सरच्या आतला अँटेना लोखंडाला टेकून असल्यामुळे त्याचा आवाजही दबलेला. उपाय काय, तर दोन्ही तुकड्यांखाली प्लायची बोटभर जाडीची पट्टी, जुन्या चुंबकाऐवजी ताकदीचा निओडायमियम चुंबक, आणि चिकटपट्टीऐवजी स्क्रू. पट्टी आमच्या जुन्या कपाटाच्या फळीतून निघाली. नंतर दिवाळीपर्यंत वारा काही कमी सुटला नाही, पण भोंगा उगाच वाजला नाही आणि दरवाजा उघडला की मात्र वाजला.

मागच्या दरवाजाची गोष्ट निराळी होती, आणि मला वाटतं ती जास्त घरांमध्ये घडत असेल. स्वयंपाकघरातून धुण्याच्या जागेत उघडणारा हा दरवाजा. पॅनेलमध्ये एक सोय असते, अलार्म बंद असला तरी दरवाजा उघडला की ‘टिंग’ वाजतं. पहाटे मोटर लावायला मी तो दरवाजा उघडते. डिसेंबरात लक्षात आलं की पहाटेचं टिंग गायब आहे. दुपारी भांडी ठेवायला उघडला की टिंग व्यवस्थित. दुरुस्तीवाला यायचा तो नेहमी दुपारी बारा-एकला. दरवाजा उघडायचा, टिंग वाजायचं, “काकू, चालू आहे की.” निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या आपण पहिल्या पानावर छापता, आणि नाशिकरोडलाही पहाट काही उबदार नसते. पण थंडीचा आणि अलार्मचा संबंध असेल असं त्याला सुचत नव्हतं.

संबंध आहे. सेन्सरमध्ये बटणासारखा चपटा लिथियम सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२. हा आकडा म्हणजे त्याचं मापच आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचा हा सेल जवळजवळ शेवटपर्यंत मीटरवर चांगला दिसतो. सेन्सर झोपलेला असताना त्याला वीज नगण्य लागते, पण निरोप पाठवताना क्षणभर दहा-पंधरा मिलिअँपिअर ओढतो. सेल जुना झाला की त्याचा आतला अडथळा वाढतो, थंडीत आणखी वाढतो, आणि त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं. सेन्सरवरचा लाइट मिणमिणतो, निरोप मात्र अर्धवट निघतो. भाच्याने आमच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं. नुसता मोजला तेव्हा सेल २.९ व्होल्ट. मग निरोप पाठवतानाएवढाच ताण पडावा म्हणून मीटर लावलेला असतानाच त्याच्यावर २२० ओहमचा रेझिस्टर क्षणभर टेकवला तर आकडा घसरून २.३ वर आला. खात्रीच्या ब्रँडच्या नव्या सेलवर हाच प्रयोग केला तर आकडा जेमतेम हलला. दुरुस्तीवाल्याने तो सेल दिवाळीनंतरच ‘नवा’ म्हणून टाकला होता, हे विशेष. सुटे, पाकीट नसलेले, तारीख नसलेले सेल पिशवीतून काढून टाकले तर असंच होणार. आता मी पाकिटातला सेल, तारीख बघून, आणि सेन्सरच्या डबीच्या आतल्या बाजूला बसवल्याचा महिना पेनाने लिहून बसवते. सेलला हाताने धरायचं ते कडेने. सपाट भागावर बोटांचा घाम-तेल लागलं की तेही नडतं.

बाकीच्या भानगडी थोडक्यात. पुढचा लाकडी दरवाजा पावसाने फुगला, नीट मिटेना, त्यामुळे चुंबक लांब राहिला. सुताराकडून रंधा मारून घेतला, संपलं. पश्चिमेच्या खिडकीवरचा सेन्सर उन्हाने चिकटपट्टी सैल होऊन लोंबकळत होता आणि पाठीमागचा टॅम्पर स्विच, म्हणजे सेन्सर कुणी उचकटला तर कळवणारी कळ, सुटल्यामुळे भर दुपारी बोंब मारत होता. तिथेही स्क्रू.

पॅनेलच्या जागेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बसवताना कुणी विचारच करत नाही. प्लग जिथे असेल तिथे पॅनेल! आमचं टीव्हीच्या कपाटात होतं. एका बाजूला सेट टॉप बॉक्स, दुसरीकडे वायफायचा राउटर, खाली इन्व्हर्टर, आणि डोक्यावर माळा, ज्यावर सासूबाईंची पितळी घंगाळं आणि लग्नातल्या स्टीलच्या पराती रचून ठेवलेल्या. आमचे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात. त्याच लहरींवर गाड्यांच्या रिमोट किल्ल्या, फाटकांचे रिमोट, दारावरच्या वायरलेस बेलही बोलतात. त्यात स्वस्तातले ॲडॉप्टर आणि एलईडीचे ड्रायव्हर आपली कुरकुर मिसळतात. गच्चीवरून निघालेला क्षीण निरोप स्लॅबमधल्या सळया, परातींची चळत आणि ही कुरकुर ओलांडून यायचा, तो कधी यायचा, कधी नाही. पॅनेल जिन्याच्या चौकात, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणलं. दोन्ही मजल्यांना ते मधोमध पडतं. त्यासाठी वायरमनने एक प्लग ओढून दिला, खर्च किरकोळ. सेन्सर तेच राहिले, पण गच्चीचा निरोप आता चुकत नाही.

दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कळतं, त्याला इंजिनिअर लागत नाही. पॅनेल टेस्ट मोडवर टाका म्हणजे भोंगा गल्लीला उठवणार नाही. एकाने पॅनेलशी उभं राहायचं, दुसऱ्याने एकेक दरवाजा उघडायचा. सेन्सरवरचा छोटा लाइट लागलाच नाही तर चुंबक, पात्या किंवा सेल यांच्यात दोष. लाइट लागला पण पॅनेल गप्प, तर निरोप वाटेत अडला किंवा सेल ऐन वेळी दम टाकतोय. तरी कळत नसेल तर चांगल्या दरवाजाचा सेन्सर वाईट दरवाजाला लावा आणि वाईटाचा चांगल्याला. दोष सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर खराब, दरवाजापाशीच राहिला तर जागा खराब. एक मात्र ध्यानात ठेवा, अदलाबदल केल्यावर पॅनेल सेन्सरला जुन्याच नावाने ओळखतं. मागचा दरवाजा उघडला की ते ‘गच्ची’ म्हणेल, घाबरून वर पळू नका. आणि एका वेळी एकच बदल करा. सेल, चुंबक, जागा सगळं एकदम बदललं तर गुण कशाने आला ते कळतच नाही. आमचे हे टेस्टच्या वेळी वर दरवाजे उघडायचे आणि मी खाली वहीत टिपायची. त्यांच्या मते मी अजून ड्यूटीवरच आहे. वहीत वेळ लिहिलेली होती म्हणून पहाट आणि दुपारचा फरक पकडता आला. नुसतं ‘कधीकधी चालत नाही’ असं सांगितलं असतं तर आजही तेच ऐकत बसले असते.

आता विकणाऱ्यांविषयी. स्वस्त सेन्सर एकतर्फी असतात. दरवाजा उघडला की तोच निरोप चार-सहा वेळा ओरडायचा आणि झोपून जायचं. पॅनेलने ऐकला की नाही हे सेन्सरला कळत नाही, आणि सेन्सर मेला की जिवंत आहे हे पॅनेलला कळत नाही. चांगल्या प्रकारात सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असं कळवतो, हजेरी चुकली तर पॅनेल मालकाला सांगतं. याला सुपरव्हिजन म्हणतात. दुतर्फी प्रकारात तर पॅनेलची पोच येईपर्यंत सेन्सर निरोप परत परत पाठवतो. दुकानात हा फरक कुणी सांगत नाही. डब्यावर भोंग्याचे डेसिबल मोठ्या अक्षरात असतात, सुपरव्हिजनचा उल्लेख शोधावा लागतो. आमच्या सिस्टिममध्ये सुपरव्हिजनची सोय होती, पण बसवणाऱ्याने बंद ठेवली होती! चालू ठेवली की तक्रारी येतात म्हणे. अहो, तक्रार यावी म्हणूनच तर ती आहे.

पाथर्डी फाटा, गंगापूर रोडकडे ज्यांची नवी घरं उभी राहताहेत त्यांना माझं सांगणं आहे की प्लास्टर होण्याआधी प्रत्येक दरवाजापर्यंत अलार्मसाठी पाइप टाकून घ्या. तोच रीड स्विच दोन तारांनी जोडला की सेल नको, रेडिओ नको, आणि वायर कुणी कापली तरी सर्किट तुटून अलार्म वाजतो. वायरलेस ही तयार घरात भिंती फोडायच्या नसतात तेव्हाची सोय आहे. बिल्डर मंडळी ती आधुनिकता म्हणून विकतात, ते मला पटत नाही.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. शहरात लाखोंची गर्दी होणार, त्या धास्तीने अलार्मवाल्यांचा धंदाही जोरात चालणार. त्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात असं वाटतं. बसवणाऱ्याने पैसे घेण्याआधी दरवाजानिहाय तक्ता द्यावा: चौकट कशाची, चुंबकाचं अंतर किती, सेल कधी घातला, पॅनेलपर्यंत निरोप पोचला का, सुपरव्हिजन चालू की बंद. कुठलाही झोन बायपास करायचा तर ग्राहकाची त्यावर वेगळी सही हवी. आणि पोलिसांनी आपल्या आवाहनात एक ओळ वाढवावी, की गावाला निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक दरवाजा उघडून अलार्म वाजतो का ते बघा, जमल्यास पहाटे. सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. घटनांच्या यादीचे स्क्रीनशॉट आणि सर्व्हिस रिपोर्ट जपून ठेवा. माझ्याकडे ‘सिस्टिम ओके’ आणि ‘झोन ६ बायपास’ हे दोन्ही एकाच तारखेचे कागद शेजारी शेजारी लावून ठेवलेले आहेत.

कंपनीचं पुढच्या वर्षाचं देखभालीचं बिल आलं आहे. वर लिहिलेला तक्ता कोरा छापून बिलाला टाचला आणि भरून पाठवा म्हणून परत केला. तो भरून येईपर्यंत चेक मिळणार नाही असं कार्यालयाला लेखी कळवलं आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

ता. क. काढलेले बटण सेल ड्रॉवरमध्ये सुटे टाकू नका. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो. शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्यावा.